मृगयेचे बूट

पायांत काय घालावे हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो असे सहसा कोणी मानीत नाही. काय खावे, काय बोलावे, कोणाशी कसे वागावे ह्यांविषयी आपल्या स्मृतिकारांनी आणि पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्यांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. जोडा मात्र उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचा आणि त्याजविषयीचा विचारही तेथेच सोडायचा, अशी वहिवाट पडून गेली आहे. ह्या वहिवाटीस एक ठळक अपवाद म्हणजे सॉक्रेटीस. प्लेटोच्या 'गॉर्जियस' संवादात कॅलिक्लीज त्याजवर चिडतो तो ह्याचसाठी, की गोष्ट न्यायाची असो वा राज्याची, हा गृहस्थ चांभार, परीट आणि आचारी ह्यांचे दाखले दिल्यावाचून राहत नाही. आम्हांसही आज जोड्यांच्याच दुकानापासून आरंभ करावयाचा आहे. त्याबद्दल वाचकांनी कॅलिक्लीजाप्रमाणे रागावू नये, एवढी विनंती आहे.

निमित्त एका पत्राचे. कवठे महांकाळ तालुक्यातील एका खेड्यातला, आमच्या हाताखाली दोन वर्षे शिकलेला एक तरुण सध्या कॅनडाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात नोकरीस आहे. तेथील सहकाऱ्यांनी त्यास हिवाळ्याच्या तोंडी डोंगरात हरणांच्या शिकारीस येण्याचे निमंत्रण दिले. त्या देशात परवाना काढून, नेमलेल्या ऋतूत आणि नेमलेल्या संख्येत शिकार करणे कायदेशीर आहे. तेव्हा चोरीमारीचा प्रश्न नव्हता. पत्राची चार पृष्ठे होती. त्यांतील साडेतीन पृष्ठे बुटांविषयी होती. चामड्याचे घ्यावे की रबरी तळाचे, घोट्याच्या वर किती बोटे असावेत, आत अस्तर किती जाड हवे, एका दुकानदाराने काय सांगितले आणि दुसऱ्याने ते कसे खोडून काढले, हे सर्व त्याने मोठ्या हौसेने लिहिले होते. अगदी शेवटी दोन ओळी होत्या: जावे किंवा कसे, ह्याविषयी आपले मत कळवावे, घरी अद्याप काही सांगितलेले नाही.

साडेतीन पृष्ठे आणि दोन ओळी ह्या प्रमाणाने आम्हांस विचारात पाडले. कोणी म्हणेल, प्रमाण उलट हवे होते. आधी जावे की नाही हे ठरवावे, मग बुटांचे पाहावे. बोलण्यास हे सोपे आहे. पण मनुष्याचे मन असे पायरीपायरीने चालत नाही, आणि बुटांवरची ती साडेतीन पृष्ठे फुकट गेली असेही आम्हांस वाटत नाही.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, थंड पर्वतावर जाणाऱ्याने बुटांचा खल करणे हे चैनीचे लक्षण नव्हे. आमच्या कवठे महांकाळकडे पावसाचे दुर्भिक्ष, सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला मुलूख. अग्रणी नदीचे पात्र वर्षातून कित्येक महिने कोरडे. तेथील पायांस भीती उन्हाची आणि बाभळीच्या काट्याची. दंडोबाच्या डोंगरावर पौषातल्या पहाटे मेंढक्या घोंगडे लपेटून बसतो, परंतु त्याच्या पायाचे बोट थंडीने काळे पडून गळून जाईल असे भय त्यास कधी शिवत नाही. बर्फाच्या मुलखात ते भय खरे असते. आणि तेथील शिकाऱ्याची अडचण विलक्षण आहे. चढताना त्यास घाम फुटतो, आणि पुढे सावजाची वाट पाहत तासन् तास निश्चल बसावे लागते. चढण्यास योग्य असा हलका बूट बसणाऱ्याचे पाय गारठवितो. बसण्यास योग्य असा जाड अस्तराचा बूट चढणाऱ्याचे पाय घामाने भिजवितो, आणि तोच ओलावा पुढे गोठवू लागतो. जाड मोज्यांवर मोजे चढवून घट्ट बूट घातला तर रक्ताचा संचार मंदावून पाय अधिकच थंड पडतात. म्हणजे उबेच्या लोभाने ऊब गमवावी असा हा प्रकार. जुन्या काळी तळास लोखंडी खिळे ठोकीत. ते निसरड्यावर पकड देत, पण बाहेरची थंडी त्याच खिळ्यांतून आत शिरे.

ह्या एवढ्याशा वस्तूपायी माणसांचे प्राण गेले आहेत. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये व्हिताले ब्रामानी ह्या गिर्यारोहकाचे सहा सोबती मृत्यू पावले. पायांतील साधने अपुरी होती हे त्या दुर्घटनेचे एक कारण त्याने मानले, आणि १९३७ साली खोल खाचांचा रबरी तळ तयार करून बाजारात आणला. आज डोंगरी बुटांच्या तळाशी जी नक्षी दिसते ती मूळची शोकातून उमटलेली आहे. आपल्याकडे १९६२ च्या ऑक्टोबरात थागला कड्याच्या परिसरात आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयाच्या थंडीस आणि शत्रूस एकदम तोंड देत उभे होते. ज्या पश्चिम महाराष्ट्राच्या घराघरांतून मुले फौजेत जातात, तेथे बुटांचा प्रश्न क्षुल्लक आहे असे म्हणण्याची कोणाची छाती होऊ नये. त्यांच्या पायांत काय आहे हे पाहणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांनी ते पाहिले नाही, हा नैतिक अपराधच होय. त्यास निव्वळ कारभारातील ढिलाई म्हणणे आम्हांस मान्य नाही.

बूट बनविणाऱ्याच्या नीतीचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती शिकारीच्याच बुटांची आहे. अमेरिकेतील मेन प्रांतात लिऑन बीन नावाचा एक शिकारी होता. शिकारीहून परतताना पाय नेहमी ओले होतात ह्याला कंटाळून त्याने खाली रबर आणि वर चामडे असा बूट शिवून घेतला आणि १९१२ साली तो विकावयास काढला. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद जोड शिवण उसवून परत आले. त्याने सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढले आणि बूट सुधारला. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की, चांगला चर्मकार हाती असलेल्या चामड्यातून शक्य तितका उत्तम जोडा करतो, तसाच सज्जन मनुष्य ओढवलेल्या परिस्थितीतून शक्य तितके उत्तम आचरण करतो. बूट खोटे बोलत नाही, निदान फार दिवस बोलू शकत नाही. ग्रंथांतील सिद्धान्त उसवला तर तो परत पाठविण्याची सोय नसते. म्हणून आम्हां प्राध्यापकांचे बरे चालते.

परंतु येथवर आल्यावर एक अडचण उभी राहते. साधन उत्तम निवडण्यात जे शहाणपण आहे ते साध्य उत्तम असल्याची ग्वाही देत नाही. कान्ट ह्या तत्त्ववेत्त्याने ही गोष्ट फार कठोरपणे मांडली आहे: रोग्यास बरे करण्यासाठी वैद्याने पाळावयाचे नियम आणि माणसास खात्रीने मारण्यासाठी विषप्रयोग करणाराने पाळावयाचे नियम, हे केवळ नियम म्हणून सारख्याच किमतीचे आहेत. आमच्या विद्यार्थ्याच्या साडेतीन पृष्ठांत जो काटेकोरपणा होता, तो हिमालयात रोग्याकडे निघालेल्या डॉक्टरास जितका शोभला असता तितकाच कोणा खुन्यासही उपयोगी पडला असता. शिवाय साधनाच्या विचारात एक मोहिनी आहे. त्यात उत्तर सापडते. साध्याचा विचार मात्र निरुत्तर करतो, म्हणून मन त्याच्या दाराशी जाऊन पुन्हा साधनाच्या दुकानात परत येते. हे एकट्या शिकाऱ्याचेच होते असे नाही. मुलीच्या लग्नात मांडव, वाजंत्री आणि पंगत ह्यांची चर्चा सहा महिने चालते. तिला तो मुलगा पसंत आहे का, हा प्रश्न अनेक घरांत दोन ओळींत उरकतात.

मृगया योग्य की अयोग्य ह्याविषयी आपल्या परंपरेत एकवाक्यता नाही. मनूने कामजन्य व्यसनांच्या गणनेत तिला अग्रस्थान दिले आहे. कालिदासाचा सेनापती मात्र दुष्यन्तापुढे तिची थोरवी गातो, शरीर हलके होते, चालत्या लक्ष्यावर बाण अचूक लागतो वगैरे; आणि अंग ठणकत असलेला विदूषक त्यास शिव्या देतो. ह्या वादात आमचे मत पुष्कळसे विदूषकाच्या बाजूचे आहे. तथापि जेथे लांडगे नाहीसे झाल्याने हरणांची संख्या भरमसाट वाढून जंगलाची कोवळी झाडे उगवेनाशी होतात, तेथे माणसास लांडग्याचे काम अंगावर घ्यावे लागते. स्कॉटलंडात ते प्रतिवर्षी करतात. आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. येथे माळ नांगरले गेले, काळवीट आणि लांडगा दोघेही मागे हटले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मृगयेचे दार बंद केले. ते बंद झाले हे योग्यच झाले. तेव्हा सर्व देशांस एकच निवाडा लावता येत नाही, आणि त्या तरुणासही आम्ही सरसकट निषेध लिहून पाठविला नाही.

स्पेनचा विचारवंत ऑर्तेगा इ गासेत ह्याने १९४२ साली शिकारीवर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. खरा शिकारी मारण्यासाठी शिकार करीत नाही, शिकार झाली असे म्हणता यावे म्हणून त्यास मारावे लागते, असा त्याचा आशय आहे; आणि मनुष्याने आपल्या श्रेष्ठ सामर्थ्याला स्वतःहून आळा घातला तरच त्या व्यवहारास शिकार म्हणावे, असेही तो सुचवितो. हे मत मान्य केले तर बुटांचे काय? प्रत्येक उत्तम बूट पशूचे एकेक संरक्षण काढून घेतो. बर्फ, उतार, निसरडा खडक हे सर्व हरणाच्या बाजूचे होते. बुटाने ते आपल्या बाजूस फितविले. मग शिकाऱ्याने अनवाणी जावे काय? काही काळ आम्हांसही हा युक्तिवाद बिनतोड वाटला. परंतु जरा पुढे चालून पाहिले म्हणजे तो उलटतो.

कारण गोळी सुटल्यावर शिकार संपत नाही. गारठलेल्या, थरथरणाऱ्या मनुष्याचा नेम चुकतो. चुकलेली गोळी पुष्कळदा ठार करीत नाही, जखमी करते. जखमी जनावर उतारावरून, झाडीतून, बर्फावर रक्ताचा माग टाकीत निघून जाते. आता दिवस मावळत आला आहे, मोजे ओले झाले आहेत, मुक्काम विरुद्ध दिशेला आहे. जुन्या शिकाऱ्यांत, मग ते आपल्याकडचे असोत वा विलायतेचे, एक नियम होता: जखमी जनावर मागे टाकून यावयाचे नाही. त्याच्या मागे जावयाचे आणि त्याची वेदना संपवावयाची. ह्या दुसऱ्या चालीत हौस नसते, कौतुक नसते. कोणी छायाचित्र काढण्यास थांबलेले नसते. आणि बूट खऱ्या अर्थाने लागतात ते ह्याच चालीत.

म्हणून आम्ही त्यास लिहिले ते एवढेच. तू बूट निवडीत आहेस तो सावजापर्यंत पोहोचण्यासाठी. ते तसे निवडू नकोस. संध्याकाळी थकलेल्या पायांनी, तुझ्या हातून घायाळ झालेल्या जीवाच्या मागे आणखी चार कोस चालावे लागले तर जे साथ देतील, ते बूट निवड. पायांपेक्षा किंचित मोकळे घे, लोकरीचे मोजे बदलावयास जवळ ठेव, नवे बूट घालून एकदम डोंगर चढू नकोस, आधी महिनाभर वापरून पायांस सवय कर. आणि त्या दुसऱ्या चालीवर आपण निघालो आहोत असे चित्र मनासमोर उभे राहीनासे झाले तर दुकानातूनच परत फीर. त्याने काय केले हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

आपण निवडलेल्या बुटांचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या पायांचा नसून शेजाऱ्याच्या पायांचा आहे. काश्मीरच्या डोंगरांत मारखोर आणि आयबेक्स ह्यांच्या मागे जाणारे इंग्रज अधिकारी विलायती बूट घेऊन येत. पण निसरड्या खडकावर खिळ्यांचे बूट वाजत आणि घसरत, म्हणून अखेर त्यांस भाताच्या पेंढ्याची, तेथे जिला पुलहोर म्हणतात ती, साधी पादत्राणे पायांत चढवावी लागत. साहेब ती हौसेने घाली. ओझे वाहणारा हमाल तीच जन्मभर घाली, कारण त्यास दुसरी मिळत नव्हती. ती झटपट झिजत, आणि रोज संध्याकाळी बसून नवी वळणारे हातही त्याचेच असत. वस्तू एकच, एकापाशी ती निवड होती आणि दुसऱ्यापाशी दैव.

आपल्या मुलखात तर ह्याहून कडू उदाहरण आहे. माळावर तितर, ससे, हरणे फाशांनी धरणारा पारधी अनवाणी हिंडे. त्याच माळावर संस्थानिक आणि त्यांचे पाहुणे गुडघ्यापर्यंत बूट चढवून बंदुकीने तीच हरणे मारीत. एका कृतीला शिकार म्हणत. दुसरीकडे संशयाने पाहत. १८७१ साली इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा कायदा सुरू केला. पुढे त्याच्या जाळ्यात पारध्यांचे गटही सापडले, आणि स्वतंत्र भारतात १९५२ साली ह्या कायद्याचा शेवट झाला. पोटासाठी मारणारा गुन्हेगार आणि करमणुकीसाठी मारणारा सद्गृहस्थ, हा भेद कोणत्या नीतिशास्त्रातून निघाला? आम्ही पुष्कळ शोधले. आम्हांस पायांतील बुटांखेरीज दुसरा भेद सापडला नाही.

महाभारताच्या अनुशासनपर्वात पादत्राणांच्या उत्पत्तीची कथा आहे, ती ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. जमदग्नी ऋषी धनुष्याने बाण सोडण्याचा खेळ खेळत होते आणि रेणुका धावत जाऊन ते बाण वेचून आणीत होती. ज्येष्ठातले माध्यान्ह, तिचे पाय आणि मस्तक भाजून निघाले, ती क्षणभर झाडाच्या सावलीस थांबली. उशीर झाल्याबद्दल ऋषी रागावले, आणि कारण कळल्यावर त्यांनी सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्याने येऊन छत्र आणि जोडा दिला. सौंदत्तीच्या रेणुकेस आमच्या सीमाभागातून हजारो लोक जातात. ह्या कथेतील तिच्या भाजलेल्या पायांची आठवण किती जणांस असेल, न कळे. खेळ एकाचा आणि पाय दुसऱ्याचे भाजलेले, ह्यातून पहिला जोडा जन्मास आला. सूर्यावर बाण रोखण्याआधी ऋषींनी खेळ थांबविला असता तरी चालले असते, हा विचार मात्र कथेत कोणास सुचत नाही.

आता आमचे बहुसंख्य वाचक म्हणतील, आम्ही शिकार करीत नाही, कित्येक घरांत तर मांसही शिजत नाही. तेव्हा हा सर्व विचार त्या कॅनडावाल्यांनी करावा. हे समाधान आम्ही वाचकांस लाभू देणार नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि पलीकडचे चार कानडी जिल्हे ह्यांच्या वहाणांस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ह्याचा आपणांस अभिमान वाटतो. ती वहाण कशी होते? मेलेल्या जनावराचे कातडे सोलून, चुन्यात भिजवून, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवून. ज्या झाडाचा काटा पायांत मोडतो त्याच झाडाच्या सालीने काट्यापासून रक्षण करणारे चामडे पक्के होते, ही युक्ती ज्यांनी शोधली त्यांच्या बुद्धीस तोड नाही. आणि त्यांनाच आपल्या वाडवडिलांनी गावाबाहेर ठेवले. शिकाऱ्यास निदान रक्त दिसते. आपण मात्र कातड्याचा वास सोसणारा दुसरा, त्या वासाबद्दल दूर राहणाराही तोच, आणि वहाण आपली, अशी सोय करून ठेवली होती; ही सोय अहिंसेच्या नावाखाली चालली, हे विशेष. कवठे महांकाळच्या बाजारात करकर वाजणारी वहाण घेताना तळ वाकवून, अंगठा चाचपून, भाव पाडून साडेतीन पृष्ठांचा विचार आपणही करतो. उरलेल्या दोन ओळी आपण लिहीतच नाही.

कर्नाटकाची सीमा तेथून जवळ आहे, आणि त्या बाजूची एक कथा आमच्याकडेही सांगतात. बाराव्या शतकात कल्याण नगरीत हरळय्या नावाचा चर्मकार शरण होता. रस्त्यात बसवेश्वर भेटले. ह्याने एकवार शरणु म्हणून वंदन केले, त्यांनी उलट दोनदा केले. हे वाढीव वंदन आपल्यावर ऋण झाले असे त्यास वाटले. ते फेडावयाचे तर जोड्याखेरीज देण्यासारखे त्याच्यापाशी काही नव्हते, आणि जनावराचे कातडे त्यास ह्या कामी पुरेसे वाटेना. त्याने आणि त्याच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून जोडा शिवला. बसवेश्वरांनी तो मस्तकी धरला आणि तो पायांत घालण्याची आपली योग्यता नाही म्हणून परत दिला. वाटेत मधुवरस नावाच्या ब्राह्मण अधिकाऱ्याने तो पाहिला, त्यास आवडला, आणि त्याने तो पायांत चढविला. तत्काळ त्याच्या सर्वांगाचा दाह होऊ लागला. कोणत्याही औषधाने तो शमेना, तेव्हा हरळय्याच्या घरचे, कातडी भिजविण्याच्या कुंडातले पाणी अंगास लावावे लागले, असे सांगतात. ह्याच मधुवरसाने पुढे आपली कन्या हरळय्याच्या मुलास दिली, आणि त्या विवाहाबद्दल बिज्जल राजाच्या आज्ञेने दोघाही व्याह्यांस देहान्ताची शिक्षा झाली.